शिगेची वाटी आणि शंभर ग्रॅम

लग्नाच्या जेवणात माझ्या शेजारची खुर्ची बहुतेक वेळा रिकामी राहते. मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ होते हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे आणि त्यांना वाटतं, ही बाई आता आपल्या जिलब्या मोजणार. खरं तर मी कधीच काही मोजत नाही. मी वजन करते, तेही नुसत्या डोळ्यांनी, आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी ती खोड जात नाही. समोरच्या ताटातला मसालेभात दिसला की डोक्यात आकडा येतोच. परवा सुनेनं केलेली खीर चाखून मी म्हटलं, "साखर पन्नास ग्रॅम जास्त पडली." ती म्हणाली, "आई, अशा वेळी छान झालीय म्हणायचं असतं."

नाशिकच्या एका रुग्णालयात मी सव्वीस वर्षं नोकरी केली. लोकांची समजूत अशी की आमचं काम म्हणजे हे खाऊ नका, ते खाऊ नका असं सांगणं. ते सांगायला शेजारणी पुरेशा असतात. आमचं खरं काम वेगळंच. डॉक्टर ग्रॅममध्ये लिहितात, पुस्तकांत सगळं ग्रॅममध्ये असतं आणि पेशंटच्या घरात काटा नसतो. घरात असते वाटी, चमचा, मूठ आणि चिमूट. ग्रॅमची वाटी करायची आणि वाटीचे ग्रॅम करायचे, हे मी सव्वीस वर्षं केलं.

बाहेरच्या माणसाला हे किरकोळ वाटतं. एक वाटी म्हणजे एक वाटी, त्यात काय एवढं? पण एकाच वाटीत पोहे भरले तर जे वजन येतं त्याच्या दुपटीहून जास्त साखरेचं येतं. डब्यातून खुपसून घेतलेलं बेसन आणि चाळून घेतलेलं बेसन यांतही फरक पडतो. चमचाभर बारीक मीठ आणि चमचाभर खडे मीठ रक्तदाबाच्या पेशंटला सारखं नसतं. चमचा म्हटलं तरी चहाचा, की पोहे खायचा? शिवाय वाट्या तरी एका मापाच्या कुठे असतात! लग्नातल्या आहेरातल्या, बारशाला आलेल्या, एखादी चुकून शेजारून आलेली, अशा सगळ्या एकाच फळीवर. मी पेशंटच्या बायकोला विचारायचे, "वाटी केवढी आहे तुमच्याकडे?" ती हाताची ओंजळ करून दाखवायची. मग मी विचारायचे, "वरण घेता ती, की भाजी घेता ती?" इथे नवरा-बायकोचं भांडण जुंपायचं आणि मी मध्ये गप्प बसून राहायचे.

नोकरीला लागले तेव्हा मला काट्याचा फार गर्व होता. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात दगूकाका मुख्य आचारी होते. त्यांच्याकडे कान तुटलेला एक जुना मग होता आणि डाळ-तांदूळ सगळं ते त्या मगानं घ्यायचे. पहिल्याच आठवड्यात मी नवा काटा मांडून ठेवला. काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम, सोनं मोजायचंय का?" मला राग आला. माझा राग तसा नाकावरच असतो. मी म्हटलं, तुम्ही मगानं घ्या, मी प्रत्येक मग तोलते. दहा मग तोलले. दहाही मगांत जो काही फरक आला तो मूठभर डाळीचासुद्धा नव्हता. काका जाताना एवढंच म्हणाले, "काटा बिघडला तर सांगा, माझा मग वापरा."

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. सरावलेला हात काट्याइतका नेमका असू शकतो. फक्त तो हात पेशंटबरोबर घरी पाठवता येत नाही.

माणसं मात्र एकेक भेटायची. सातपूरच्या एका कारखान्यातले फिटर होते. मधुमेह निघाला म्हणून आले. मी म्हटलं, दुपारी एक वाटी भात. पुढच्या वेळी ते कागद घेऊन हजर. घरातल्या सहा वाट्यांची आतली गोलाई आणि खोली त्यांनी व्हर्नियरनं मोजून आणली होती, खाली घनफळाचं गणित. म्हणाले, "बुडाचा गोलवा अंदाजानं धरलाय मॅडम, तेवढं सांभाळून घ्या. आता भाताची डेन्सिटी सांगा." मी हसले, पण तो कागद मी बरीच वर्षं जपून ठेवला होता. दुसरे लासलगावचे कांद्याचे व्यापारी. त्यांच्या आहाराच्या कागदावर मी ‘एक मध्यम कांदा’ लिहिलं होतं. त्यांनी चष्मा वर केला. "मॅडम, मध्यम म्हणजे? आम्ही कांद्याचे पाच प्रकार निवडतो. तुमचा मध्यम आमच्याकडं गोल्टीत जाईल." गोल्टी म्हणजे बारका कांदा, निवडून बाजूला काढतात तो. मी मुकाट्यानं खोडून ग्रॅम लिहिले.

अशानं शहाणी होत होत मी एक तक्ता केला. डाव्या बाजूला पदार्थ, उजवीकडे वाटी आणि ग्रॅम. शिजलेला भात, कच्चा तांदूळ, ज्वारीचं पीठ, बाजरीचं पीठ, उसळ, वरण, सगळं तीन-तीनदा तोलून लिहिलं. आणि वाट्यांचा घोळ संपवण्यासाठी एका मापाच्या स्टीलच्या वाट्याच आणून ठेवल्या. ज्यांचं पथ्य अगदी काटेकोर हवं त्या पेशंटला मी वाटी घरी द्यायचे. "हीच वापरा," म्हणायचे. त्या वाटीनं सपाट भात घेतला की बरोबर शंभर ग्रॅम. आता चूक व्हायला जागाच राहिली नाही असं मला वाटायचं. माझ्या पाठीमागे सगळे मला ‘काटेवाल्या मॅडम’ म्हणत आणि मला ते कळलं होतं. मला ते आवडायचं.

अलका भेटली ती याच दिवसांत.

मखमलाबादच्या पुढे त्यांचं शेत. भाजीपाला आणि फुलं, दोन्ही. घरात सासूबाई, नवरा, अलका आणि नऊ वर्षांची वैष्णवी. वैष्णवीला लहान मुलांना होतो तो मधुमेह. यात शरीर इन्सुलिन बनवतच नाही, ते रोज टोचून द्यावं लागतं. वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. किती इन्सुलिन टोचायचं हे मुलगी किती खाणार यावर ठरतं. जेवण जास्त झालं तर साखर चढते. जेवण कमी झालं आणि इंजेक्शन तेवढंच राहिलं तर साखर घसरते, आणि घसरलेली साखर जास्त वाईट. घाम फुटतो, मूल बरळतं, वेळेत गोड दिलं नाही तर बेशुद्ध पडतं. त्यामुळे अशा मुलाच्या ताटात रोज तेवढंच पडायला हवं.

अलकाला मी वाटी दिली. भात एक वाटी, भाकरीला पीठ एक वाटी, वरण अर्धी. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. लिहिता-वाचता येत होतं, रोजच्या साखरेचे आकडे ती वैष्णवीच्या जुन्या शाळेच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहायची. पण ते आकडे बघून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आज तीनशे, उद्या एकशे ऐंशी, परवा पुन्हा तीनशेच्या वर. डॉक्टर डोस वाढवत गेले. तरी आकडे ताळ्यावर येईनात. शेवटी ते म्हणाले, चार दिवस दाखल करा, इथे आपल्या डोळ्यांसमोर बघू.

दाखल केल्यावर जेवण माझ्या स्वयंपाकघरातलं. मी स्वतः काट्यावर तोलून ताट पाठवत होते. भात शंभर ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅम. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला मी वॉर्डात गेले तर वैष्णवी चित्र काढत बसली होती. बघता बघता हातातली पेन्सिल खाली पडली. कपाळावर घाम. "आई, भिंत हलतीये," म्हणाली आणि एका बाजूला कलली. सिस्टरनं बोटातून रक्त काढून बघितलं. साखर पार खाली. लगेच ग्लुकोज पाजलं. अलका पायाशी उभी राहून पोरीची पावलं चोळत होती. पंधरा मिनिटांत वैष्णवी उठून बसली आणि पेन्सिल मागायला लागली.

डॉक्टरांनी सरळ हिशोब केला. घरचा डोस तोच आणि इथे तोललेलं जेवण, तर साखर घसरली. म्हणजे घरी मुलगी जास्त खाते. म्हणजे तिला कुणीतरी जास्त देतंय. त्यांनी डोस कमी केला आणि मला म्हणाले, "तुम्ही बोला तिच्या आईशी. बाईला बाई खरं सांगेल."

मी अलकाला माझ्या खोलीत नेलं. खुर्चीवर बसा म्हणायचंही मला सुचलं नाही.

"पोरीला चोरून काय देता ते आज सांगून टाका," मी म्हटलं.

"काय बी नाय मॅडम. एकच वाटी देते."

"एका वाटीत एवढी साखर चढत नाही."

"देवाशपथ एकच. तुम्ही दिलेलीच वाटी हाय."

"माझा काटा खोटं बोलत नाही, अलका. मग कोण बोलतंय?"

माझ्या टेबलावर तसल्याच वाट्यांची चवड होती, ती त्या चवडीकडे बघत उभी राहिली. मी तिच्या कागदावर लाल पेननं ‘जादा आहार’ असं लिहिलं.

घरी गेल्यावर पुन्हा तेच. डोस कमी केलेला, त्यामुळे आकडे आणखी चढले. महिन्याभरानं अलकाच्या सासूबाई स्वतः आल्या. उंच, ताठ म्हातारी, बोलणं एक घाव दोन तुकडे. "मॅडम, पोरीला आम्ही सातपूरला ठिवतो. माझी लेक राहती तिथं, तिच्याकडं. हिच्या हाताला आवर नाय. चौथीची परीक्षा झाली का नेतो. तिकडच्या शाळेत नाव बी घालू." अलका दाराशी उभी होती. वैष्णवी तिच्या पदराआड. डॉक्टर म्हणाले, वाईट कल्पना नाही. आणि मी? मी म्हटलं, "काही दिवस बघायला हरकत नाही." नऊ वर्षांची पोर आईपासून तोडायला मी मान डोलावली. परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते.

त्याच आठवड्यात बुधवारी मी गोदाघाटावरच्या बाजारात भाजी घ्यायला गेले. झेंडूच्या ढिगांपलीकडे अलका बसलेली दिसली. सोललेला मटार विकत होती, मोठ्या स्टीलच्या ग्लासानं मापून. समोर जाऊन काय बोलायचं ते कळेना, म्हणून मी फुलवालीच्या आड कोथिंबीर निवडत उभी राहिले. एका गिऱ्हाइकाला तिनं ग्लास भरून दिला. भरताना वर दाणे चढले होते, ते तिनं तळहातानं सर्रकन खाली पाडले आणि सपाट माप पिशवीत ओतलं. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, थोडी शीग ठेवा की!" शीग म्हणजे मापाच्या वर चढलेला तो ढीग.

"विकताना सपाट माप असतंय, ताई. हे घ्या वरून चार दाणे."

शेजारी मेथीच्या जुड्या घेऊन एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "मला बी दे गं एक माप. नातू आलाय." अलकानं तोच ग्लास ढिगात खुपसला, वर काढला आणि दुसऱ्या हातानं त्यावर आणखी दाणे चढवले. दाणे चारी बाजूंनी ओघळायला लागले तेव्हा थांबली.

आधीचं गिऱ्हाईक अजून तिथंच होतं. "त्यांना बरं भरून दिलंत!"

"नातवासाठी नेतायत त्या," अलका म्हणाली. "लेकराच्या मापाची शीग मोडत नसत्यात."

मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिले. तोवरच्या अठरा वर्षांतलं माझं सगळं काम माझ्या डोळ्यांसमोरून गेलं म्हटलं तरी चालेल. मी लोकांना वाटी कुठली ते विचारलं, किती वाट्या ते विचारलं, डाळ कुठली आणि पीठ कुठलं ते विचारलं. भरता कशी हे एकदाही विचारलं नव्हतं. मी स्वतः सपाट भरत होते, म्हणून जग सपाट भरतं असं धरून चालले होते.

मी पुढे झाले. मला बघून अलका पटकन उठून उभी राहिली, मांडीवरचे दाणे सांडले. मी म्हटलं, "बसा, बसा. उद्या सकाळी येऊन जा. वाटी घेऊन या. ओरडणार नाही."

दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात दगूकाकांनी भात करून ठेवला होता. मी अलकाला म्हटलं, "घरी वैष्णवीला वाढता तसं वाढा." तिनं वाटी भरली. भाताचा डोंगर वर चढला आणि पळीच्या पाठीनं तिनं तो हलकेच थोपटला, ढळू नये म्हणून. मी काट्यावर ठेवली. वाटीचं वजन वजा जाता एकशे अठ्ठेचाळीस. पुन्हा भरायला लावली. एकशे एकोणचाळीस. तिसऱ्यांदा एकशे छप्पन्न. मग पीठ. माझ्या तक्त्यात ऐंशी ग्रॅम, तिच्या वाटीत सव्वाशे. रोज दीडपट, आणि तीही रोज वेगळी. ज्या दिवशी पोरगी मलूल दिसत असेल त्या दिवशी शीग आणखी उंच होत असणार, आणि वहीतले आकडे त्याबरोबर वर-खाली नाचत होते.

मी तिला आकडे दाखवले, शंभर कुठे आणि दीडशे कुठे ते समजावलं. ती हळूच म्हणाली, "म्हंजे मीच ना?"

"नाही," मी म्हटलं. "मी. वाटी दिली आणि कशी भरायची ते सांगितलं नाही. तुम्ही एकच वाटी देत होतात."

मग मी सुरी घेतली आणि वाटीच्या काठावरून फिरवून भात सपाट करून दाखवला. आता तुम्ही करा म्हटलं. तिनं सुरी घेतली, काठावर टेकवली आणि हात थांबला. "पाहुण्याला बी असं वाढत नाय मॅडम," ती म्हणाली. तरी तिनं केलं. सुरी फिरवली, शीग पाडली, आणि पाडलेला भात हातात धरून तो कुठे ठेवावा हे तिला सुचेना. डोळे भरून आले होते. मला ते बघवलं नाही. शिवाय मला माझा धंदा माहीत होता. ही चार दिवस सुरी फिरवेल, आठ दिवस फिरवेल. पोरगी एक दिवस तापानं फणफणली की सुरी बाजूला पडेल आणि हात आपल्या जागी परत येईल.

दगूकाका मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "मॅडम, बाईला कशाला बदलताय? वाटी बदला की."

इतकं सोपं होतं. सपाट शंभर ग्रॅमची वाटी देण्याऐवजी शिगेसकट शंभर ग्रॅम होईल अशी वाटी शोधायची.

मी रजा टाकली आणि डब्यात भात, पिशवीत काटा आणि बरोबर अलका अशी भांडीबाजारात गेले. दुकानदारानं आधी उत्साहानं पंधरा-वीस वाट्या मांडल्या. मी त्याच्या काउंटरवर काटा ठेवून डबा उघडल्यावर तो म्हणाला, "मॅडम, वाटी घ्यायला आलात का जेवायला?" आम्ही एकेक वाटी भरून तोलत गेलो. पसरट वाटी लहान असली तरी उपयोग नव्हता, तोंड रुंद असलं की शीग मोठी होते आणि दर खेपेला वेगळी होते. उभट आणि अरुंद तोंडाची वाटी पाहिजे होती. तिच्यावर कितीही चढवायला गेलं तरी थोडंच बसतं, बाकी ओघळतं. तिसऱ्या दुकानात तशी सापडली. अलकानं दहा वेळा आपल्या पद्धतीनं भरली, मनमोकळी, वर थोपटून. सगळ्यात कमी सत्त्याण्णव आणि सगळ्यात जास्त एकशे चार. पिठासाठी तसलीच, त्याहून धाकटी घेतली. तीनही दुकानांतल्या भात लागलेल्या वाट्या आम्ही दोघींनी नळावर धुऊन दिल्या. माझ्या सगळ्या नोकरीत मी एवढं नेमकं काम दुसरं केलं नसेल.

तीन आठवड्यांत वहीतले आकडे शहाण्यासारखे वागायला लागले. डॉक्टरांनी डोस पुन्हा बसवून दिला. मी त्यांना आणि सासूबाईंना समोरासमोर सांगितलं, चूक सुनेची नव्हती, माझ्या कागदाची होती. सासूबाई म्हणाल्या, "शीग मोडायची नाय हे मीच शिकवलं हिला. नवी नवरी होती तवा." सातपूरचं नाव पुन्हा निघालं नाही. वैष्णवीची पाचवीची शाळा मखमलाबादेतच सुरू झाली. मी माझ्या तक्त्यावर सगळ्यात वर ‘वाटी भरता कशी?’ अशी एक ओळ वाढवली आणि त्यानंतर कुणालाही किती खाता असं विचारलं नाही. ‘वाढून दाखवा’ एवढंच म्हणायचे. त्यातून काय काय बाहेर आलं ते सांगत बसले तर अंकाची पानं पुरणार नाहीत.

एक गोष्ट मात्र राहून गेली. डॉक्टरांपुढे चूक कबूल केली, सासूबाईंपुढे केली. अलकाला त्या दिवशी माझ्या खोलीत जे बोलले होते, त्याबद्दल तिला एकटीला कधी काही म्हटलं नाही. ती दर तीन महिन्यांनी यायची, वही दाखवायची, आम्ही हसून बोलायचो. आज म्हणू, पुढल्या वेळी म्हणू, असं करत आठ वर्षं गेली. शरमेपेक्षा आळस जास्त होता म्हणावं तर तेही खरं नाही.

मी निवृत्त झाले त्या दिवशी ती भेटायला आली. बरोबर वैष्णवी होती, बारावीत गेलेली, आईपेक्षा उंच. आता स्वतःचं इन्सुलिन स्वतः टोचते, ताटाकडे बघून ग्रॅम सांगते, माझ्यापेक्षाही भरभर. ती सिस्टरांना भेटायला गेली तेव्हा खोलीत आम्ही दोघीच उरलो. मी अलकाला खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "वैष्णवी दाखल होती तेव्हा इथे, याच खोलीत, मी तुम्हाला खोटारडी ठरवलं होतं. तुम्ही खरं सांगत होतात. माझं चुकलं."

तिनं हसून हात हलवला. "जाऊ द्या मॅडम, त्याचं काय नाय एवढं."

"नाही, लागलं असणार."

ती थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही एकट्या म्हणला असता तर लागलं असतं. पण डॉक्टर म्हणले, तुम्ही म्हणल्या, घरातले म्हणले. एवढी शिकलेली माणसं. मंग मला वाटलं, देतच असंल मी. माझ्याच ध्यानात राहत नसंल. साखरेचा न् गुळाचा डबा शेजारणीकडं नेऊन ठिवला. सासूबाईंना म्हणले, मी वैष्णूपाशी बसले का माझ्या हातावर नजर ठिवा. तरी आकडे उतरंनात. मंग काय करणार? पोरीला सातपूरला न्या, असं सासूबाई आपल्या मनानं नव्हत्या म्हणल्या, मॅडम. मीच म्हणले होते. माझ्यापासून लांब ठिवा म्हणले, म्हंजी जगंल तरी."